माहूरच्या डोंगरात डिश: टॉवर लाईनच्या तळावरच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला, माहूरगडावरची नवरात्राची गर्दी ओसरली आणि आमचा तळ ठरला. माहूर-किनवट पट्ट्यात, रस्त्यापासून बरंच आत, सागाच्या जंगलाला लागून असलेलं एक मालकी शेत भाड्याने घेतलं. जवळचा तांडा दोन-तीन किलोमीटरवर. तिथे वीज आहे, आमच्याकडे नाही. विजेची लाईन ओढायला आलेली गँग अंधारात झोपणार, यावर मुकादमाने पहिल्याच संध्याकाळी भरपूर तोंडसुख घेतलं.

मोबाईलची गत: खोऱ्यात शून्य. मागच्या टेकडीवर चढलं की एखादी काडी येते, तीही तेलंगणाकडच्या टॉवरची. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टेकडीवर दिशादर्शी अँटेना लावून सिम चालवायचं आणि पाच गिगाहर्ट्झच्या वायफाय लिंकने नेट खाली आणायचं. या पट्ट्याला परवाना लागत नाही. करून पाहिलं. दिवसा चालायचं, संध्याकाळी सगळा मुलूख फोनला बसला की लिंक मरायची. शिवाय टेकडी वनखात्याची, तिथे साधा खांबही परवानगीशिवाय रोवता येत नाही. तुमची टेकडी मालकीची असेल आणि रेंज टिकत असेल, तर पुढचं काही न वाचता तेच करा. लाखभर रुपये वाचतील.

आम्ही असं ठरवलं: तळावर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारी डिश, अडीअडचणीला एक सॅटेलाईट फोन, आणि लाईनवर वॉकी-टॉकी.

१८ ऑक्टोबर

डिश आली. १.२ मीटरची, ऑफसेट (लहरी झेलणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला), केयू बँड (उपग्रहाच्या लहरींचा एक पट्टा). सोबत जोडणी करणारा एक पोरगा. आमच्या जोडणीला ७४ अंश पूर्वेचा उपग्रह मिळाला आहे. म्हणजे इथून दक्षिणेच्या ११ अंश पश्चिमेला आणि क्षितिजापासून ६६ अंश वर.

पोराने होकायंत्र काढलं आणि दुपार त्यातच गेली. माहूरचा डोंगर काळ्या बसाल्टचा. या दगडात लोहखनिज असतं आणि ते स्वतःच थोडंफार चुंबक असतं. खांबाजवळ सुई एक दिशा दाखवायची, चार पावलं सरकलं की दुसरी. वर आमच्या टॉवरचं अँगल लोखंड तिथेच रचून ठेवलेलं. मोबाईलमधलं होकायंत्र तर दर मिनिटाला मत बदलत होतं. शेवटी पोरगा तांड्यावर जाऊन घरांवरच्या फ्री डिशच्या ताटल्या बघून आला आणि तशीच आपली फिरवली. त्या ताटल्या ९३.५ अंशाच्या उपग्रहाकडे, म्हणजे चक्क आग्नेयेला बघतात. आपल्याला हवं त्यापासून पन्नास अंश लांब. सिग्नल कुठून येणार?

१९ ऑक्टोबर

होकायंत्र पेटीत ठेवलं आणि गवंड्याच्या रीतीने गेलो. ओळंब्याला लावलेल्या काठीची सावली माध्यान्हाला बरोबर उत्तरेला पडते. मात्र माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. माहूरच्या रेखांशावर ऑक्टोबरच्या मध्यात ती वेळ १२ वाजून ५ मिनिटांच्या आसपास येते, फेब्रुवारीत साडेबाराच्या पुढे जाते. त्या मिनिटाला सावलीवर दोरी ताणली आणि दक्षिणेकडे वाढवली. ११ अंश मोजायला कोनमापक नको: दक्षिणेला पाच फूट जायचं आणि तिथून काटकोनात एक फूट पश्चिमेला. चुन्याची रेघ मारली.

उंचीच्या कोनात आणखी एक गंमत. ऑफसेट डिशचं तोंड ती जिथे बघते त्यापेक्षा बरंच खाली दिसतं. ६६ अंशाला लावलेली डिश बघणाऱ्याला समोरच्या टेकडीकडे बघतेय असं वाटतं. खांबावरच्या पट्टीवरचा आकडा खरा मानायचा, डोळ्याचं ऐकायचं नाही. मुकादम दोनदा येऊन "वर करा हो जरा" म्हणून गेला.

रेघेवर डिश आणली आणि काही मिनिटांत सिग्नल मिळाला. मग दांडीवरचा फीड, म्हणजे लहरी सोडणारा-झेलणारा भाग, ११ अंश फिरवून ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) जुळवलं आणि पुरवठादाराच्या नियंत्रण कक्षाशी चाचणी करून घेतली. ती झाल्याशिवाय प्रक्षेपण सुरू करता येत नाही. ध्रुवीकरण चुकलं तर आपला कचरा दुसऱ्याच्या चॅनलमध्ये जातो, म्हणून ते लोक काटेकोर असतात आणि असावेतच. चाचणीसाठी त्यांच्याशी फोनवर बोलायला माणूस टेकडीवर आणि डिश खाली! मधे दोन पोरं ओरडून आकडे पोचवत होती.

संध्याकाळी नेट सुरू. घरी पहिला व्हिडिओ कॉल लावणाऱ्याची बायको त्याच्यावर चिडली, कारण दोघं एकाच वेळी बोलायचे. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर आहे. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ लागतो. आता नियम आहे: आपलं बोलून झालं की "बोल" म्हणायचं.

२६ ऑक्टोबर

उपग्रहाचं काम दोन दिवसांत संपलं. विजेचं अजून संपायचं नाव नाही.

आमची व्यवस्था: ३३५ वॅटचे दोन पॅनल, १५०एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, इन्व्हर्टर. कागदावर पुरेसं. मोडेम आणि डिशवरचा ट्रान्समीटर मिळून ४५ वॅटच्या आसपास खातात, राउटर वगैरे १५. एकूण ६०, म्हणजे दिवसरात्र चालवलं तर १,४४० वॅट-अवर. बॅटऱ्यांची नाममात्र क्षमता ३,६०० आहे, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य जातं. मग हातात १,८०० राहतात. एक ढगाळ दिवस, बस.

आणि हिशेबात न धरलेला गिऱ्हाईक म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. नुसता चालू ठेवला तरी पंधरा-वीस वॅट पितो. दिवसाचे चारशे वॅट-अवर कुणाच्याही उपयोगाविना गेले. त्यात रोज वीस-पंचवीस मोबाईल चार्जिंगला.

आज पहाटे सगळं बंद. शोध घेतला तर आचाऱ्याने वाटण करायला मिक्सर लावला होता. "साहेब, एकदाच फिरवला हो, खोबरं लई टणक होतं." पाचशे वॅटचा मिक्सर, आधीच उतरलेली बॅटरी.

३० ऑक्टोबर

नांदेडहून सामान आणलं, उद्यापासून दिवाळीची सुटी. बदल असे:

मोडेम आणि राउटर इन्व्हर्टरवरून काढून बॅटरीची वीज थेट देणाऱ्या डीसी कन्व्हर्टरवर घेतले. इन्व्हर्टर फक्त संध्याकाळी दिव्यांपुरता. मोडेमला टायमर: रात्री दहा ते पहाटे पाच बंद. मोबाईल चार्जिंगला वेगळं छोटं पॅनल आणि वेगळी बॅटरी, तिचा मुख्य बॅटरीशी काही संबंध नाही. ती संपली तर पोरं आपसात भांडतील, पण लिंक चालू राहील. आचाऱ्याला पाटा-वरवंटा. त्याने तो घेतला, पण दोन दिवस भाजीत मीठ जास्त होतं.

तिसरा पॅनल आणि कन्व्हर्टर धरून वीस हजारांच्या आसपास गेले. लिथियम फॉस्फेट बॅटरीचा भाव विचारला, साठ हजार सांगितले. आता वाटतं, पहिल्या दिवशीच तीच घ्यायला हवी होती. ती जवळजवळ पूर्ण उतरवता येते आणि दोन माणसं सहज उचलतात.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. इथली माणसं गावी गेली, तळ अर्धा रिकामा. काल मध्यरात्रीनंतर इस्रोचा जीसॅट-एन२ अमेरिकेतून फाल्कन-९ वर गेला. ४,७०० किलोचा, केए बँडचा. पोरांनी प्रक्षेपण आमच्याच डिशवर बघायचं म्हणून टायमर काढायला लावला. सकाळी बॅटरी कमी दाखवत होती, पण एवढं चालतं.

डिशचा एक त्रास: वानरं. फीडच्या दांडीवर बसून शेपूट हलवतात. १.२ मीटरच्या डिशचा झोत दीड अंशाचाही नसतो. वानराने एक हिसका दिला की उपग्रह सुटला. खांबाभोवती बाभळीच्या काट्या रचल्या, बोल्टला दुसरा नट मारला. वानरं आता सौर पॅनलवर बसतात.

४ डिसेंबर

लाईनवरचे वॉकी-टॉकी. ४४६ मेगाहर्ट्झचे, कमी शक्तीचे, कारण त्या पट्ट्यात परवाना लागत नाही. बाजारात जास्त ताकदीचे सेट खुशाल विकतात, पण परवान्याशिवाय ते वापरणं गुन्हा आहे. आमच्या सेटचा पल्ला धारेवरून धारेवर तीन-चार किलोमीटर, नाल्यात उतरलं की फर्लांगभर. तारा ओढताना विंच (तार ओढायचं यंत्र) चालवणाऱ्याला 'थांब' म्हटलेलं पोचलं नाही तर काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मधल्या टॉवरवर एक माणूस फक्त निरोप पोचवायला बसवला. तो ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो आणि समोरच्याने ते परत म्हटल्याशिवाय कुणी तार हलवत नाही. दिवसाची एक हजेरी जास्त जाते. साहेब लोकांनी त्यावर प्रश्न विचारला तेव्हा मुकादमाने त्यांना नाल्यात उभं करून सेट हातात दिला.

१७ जानेवारी २०२५

सॅटेलाईट फोन हातात आला. अर्ज दिवाळीआधीचा. कंपनीच्या पत्रावर अधिकृत सहीच नव्हती, कागद पुन्हा करावे लागले. तुम्ही काम सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा.

भारतात इनमारसॅटचा फोन बीएसएनएलमार्फत, परवानगी घेऊनच वापरता येतो. थुराया आणि इरिडियम या दुसऱ्या कंपन्यांचे फोन चालत नाहीत. आमच्या एका इंजिनियरने परदेशातल्या भावाकडून इरिडियमवर चालणारं छोटं मेसेज यंत्र मागवायचा बेत केला होता. त्याला थांबवलं. तसली यंत्रं जवळ बाळगल्याबद्दल विमानतळांवर लोकांना अटक झाली आहे, ट्रेकिंगला आलेल्या परदेशी पाहुण्यांनाही.

वापराचे धडे: शेडमध्ये लागत नाही, सागाखालीही नीट लागत नाही. मोकळ्या जागी अँटेना उघडून उभं राहायचं. त्यासाठी वावरात एक जागा ठरवून चुन्याचा गोल काढला. १०८ सारख्या छोट्या क्रमांकाच्या भरवशावर राहायचं नाही. तालुक्याचं रुग्णालय, पोलीस ठाणे, वनखात्याची चौकी, नांदेड ऑफिस यांचे पूर्ण नंबर फोनमध्ये भरले, आणि कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवले.

दर रविवारी एक मिनिटाचा कॉल. न वापरलेला फोन गरजेच्या दिवशी हमखास उतरलेला निघतो.

९ फेब्रुवारी

तळ हलवला, लाईन पुढे सरकली म्हणून. डिशची जागा नोंदवलेली असते, त्यामुळे पुरवठादाराला आधी कळवलं. सावली, दोरी, पाचाला एक, अर्ध्या दिवसात जोडणी. जागा एका मोठ्या मोहाच्या झाडाच्या उत्तरेला मिळाली. झाड बहुतेक निष्पर्ण, आभाळ आरपार दिसतं. सिग्नलचा आकडा पहिल्या तळाइतकाच, बाराच्या आसपास.

११ मार्च

दुपारी पाऊण वाजता नेट चार-पाच मिनिटं गेलं. कालही त्याच वेळी गेलं होतं. कनेक्टर उघडून पाहायला निघालेल्या पोराला हटकलं. ही ग्रहणासारखी गोष्ट: विषुवदिनाच्या मागेपुढे सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये भरतो. आपल्या अक्षांशावर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दोन-तीन दिवस होतं आणि आपोआप जातं. काहीही खोलू नका.

मात्र त्या मिनिटांचा एक फायदा आहे. सूर्य तेव्हा उपग्रहाच्या जागी असतो, म्हणजे डिशवर ज्याची सावली पडेल ते वाटेत आहे. आमच्या डिशवर मोहाच्या काड्यांची बारीक जाळी पडली होती. काड्याच आहेत म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

परवा होळी. तांड्यावरून रात्री लेंगीच्या, म्हणजे होळीच्या गाण्यांचा आवाज येतो. नाईकांनी सगळ्या गँगला बोलावलं आहे, शुक्रवारी काम बंद.

२४ एप्रिल

सिग्नलचा आकडा पंधरा दिवस खाली घसरतोय. बारावरून आठ. परवा चार थेंब पडले तर लिंक गेली.

आधी उन्हावर संशय. पारा ४३ च्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये मोडेमला हात लावता येत नव्हता. मोडेम बाहेर काढून गवताच्या छपराखाली ठेवला, आता तो मधूनमधून आपोआप बंद पडत नाही, पण आकडा तोच. मग कनेक्टर बदलले. एकात हिरवट गंज निघाला, आकडा जेमतेम अर्ध्या अंकाने वाढला. नांदेडहून नवीन केबल मागवली, चार हजार आणि दोन दिवस गेले, फरक काही नाही.

उत्तर तांड्यावरच्या एका आजीने दिलं. मोहफुलं वेचायला रोज पहाटे येतात. आज डिशकडे बघून म्हणाल्या, "आता याला पानं फुटली की, तुमच्या ताटलीला सावली झाली." मोह फेब्रुवारीपासून पानं गाळतो, फुलतो, आणि मग कोवळी पालवी येते. पानात पाणी, आणि पाणी केयू बँडचा शत्रू. मार्चमधली काड्यांची जाळी आता भरगच्च छत्री झाली होती.

फांदी तोडा, असं शहरातून सुचवलं गेलं. मोहाला इथे कुणी कुऱ्हाड लावत नाही, आणि लावूही नये. त्याच्या फुलांवर घरं चालतात. डिश वीस फूट उत्तरेला सरकवली, नवा खांब रोवला, काँक्रीट वाळायला दोन दिवस. आकडा पुन्हा बारा.

१३ मे

वळवाच्या विजा रोज. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात पडलेल्या विजा दाखवतं. खरं सांगायचं तर डिशचे पैसे फक्त यासाठी वसूल झाले. ऑफिसला अहवाल उद्या गेले तरी चालतात.

नियम भिंतीवर लावला: चाळीसच्या वर्तुळात वीज दिसली की नवीन माणूस टॉवरवर चढणार नाही. वीसच्या आत आली की सगळे खाली आणि टॉवरपासून लांब, झाडाखाली नाही. हत्यारं सांभाळून खाली यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून वीसच्या आधीच तयारी. तळावर एक माणूस दुपारभर मोबाईल बघत बसतो, तो वॉकी-टॉकीवर सांगतो, मधला माणूस पुढे पोचवतो.

पावसात लिंक जाते तेव्हा काय, हा प्रश्न सगळे विचारतात. डिश ६६ अंशावर बघते, त्यामुळे तिची वाट पावसाच्या थरातून दोनेक किलोमीटरच्या आतच बाहेर पडते. लांबचा पाऊस तिला अडवत नाही. आकडा पडायला लागला म्हणजे ढग जवळजवळ डोक्यावर आला, आणि तोवर माणसं खाली असलीच पाहिजेत. आता पोरं ॲपइतकंच त्या आकड्याकडे बघतात.

२९ मे

पाऊस यंदा मे संपायच्या आतच महाराष्ट्रात. रोहिणीतच चिखल झाला, गाडी तळापर्यंत येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी एकाला साप चावला, घोणस असावा. मुसळधार पाऊस, डिशची लिंक गेलेली. सॅटफोन केयूपेक्षा कमी वारंवारतेच्या एल बँडवर चालतो, त्याला पावसाचं फारसं वावडं नाही. विजा थांबेपर्यंत मात्र मोकळ्यात उभं राहता येईना, ती मिनिटं वाईट गेली. पाय हलू न देता त्याला झोपवून ठेवलं. विजा लांबल्यावर चुन्याच्या गोलात उभं राहून पहिल्याच प्रयत्नात रुग्णालय लागलं. आम्ही त्याला बाजेवर डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तोवर तिकडून रुग्णवाहिका निघाली होती आणि प्रतिविष तयार ठेवलं होतं. आता बरा आहे, बाजेवरून उतरून चहा मागतोय.

त्यानंतर नांदेड ऑफिसला लेखी कळवलं: पावसात आम्ही तासभर गप्प असलो तर घाबरू नका. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात आमचा आवाज आला नाही तर विचारत बसू नका, गाडी पाठवा.

१२ जून

हंगाम संपला, उतरवणं सुरू. केबलची टोकं रबर टेपने बंद, फीडच्या तोंडावर प्लास्टिक, कारण कुंभारमाशी आत घर करते. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून नांदेडच्या गोदामात. त्यातली एक बहुतेक गेली, मिक्सरपासूनच ती खंगत होती.

तांड्यावरच्या पोरांनी विचारलं, ही ताटली आम्हाला ठेवून जाता का. जोडणी आमच्या नावावर आणि जागेची नोंद असलेली, तशी देता येत नाही. चार्जिंगचा छोटा पॅनल आणि त्याची बॅटरी दिली.

स्टारलिंकला या महिन्यात दूरसंचार खात्याचा परवाना मिळाल्याची बातमी आहे, सेवा अजून सुरू नाही. इंजिनियर म्हणतो पुढच्या हंगामात तेच घेऊ. मिळालं तर घेऊ. उपग्रह जवळ असल्याने "बोल" म्हणायची गरज राहणार नाही. पण त्यांची नेहमीची डिशही ७५ ते १०० वॅट खाते, म्हणजे आमच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा जास्त. म्हणून ऑक्टोबरच्या अंदाजपत्रकात डिशचा रकाना रिकामा ठेवला आहे आणि लिथियम बॅटरी व चार पॅनल आजच लिहून टाकले.